पाळी मागंपुढं व्हायला लागली, म्हणजे आपण नेमक्या कुठल्या टप्प्यावर आहोत?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४. घरची द्राक्षबाग आहे, विरळणीपासून सगळ्या कामाला त्या स्वतः असतात. पाळी आधी २८-३० दिवसांनी यायची. गेलं वर्षभर ती कधी २२ दिवसांनी येते, कधी ४० दिवसांनी. गौरीच्या वेळी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या घेतल्या. त्या बंद केल्यावर थोडं अंगावरून गेलं, मग दोन महिने काहीच नाही, आणि त्यानंतर नऊ दिवस भरपूर गेलं. रात्री घाम फुटून जाग येते, चिडचिड होते. लॅबमध्ये एफएसएच (रक्तातलं एक हार्मोन) ९ आला तेव्हा ‘अजून काही नाही’ असं सांगितलं गेलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर ११ मिलिमीटर, दोन सेंटिमीटरची एक गाठ आणि पिशवीच्या तोंडाला सूज, असा रिपोर्ट आहे. ‘पाळी जायलाच आलीय, पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालाय. मोठ्या जाऊबाईंची पिशवी ३६व्या वर्षी काढली, त्या आता ४२ वर्षांच्या आहेत आणि त्यांनाही अंगातून गरम वाफा येतात. मी कुठल्या टप्प्यात आहे, पाळी कधी जाणार, पिशवी काढावी का, आणि जाऊबाईंचं काय?

ताई, ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर आधी ती पुढं ढकला. तुम्ही लिहिलेल्या माहितीत घाईनं पिशवी काढावी असं एकही कारण मला दिसत नाही. नऊ दिवस जे गेलं त्याची तपासणी मात्र राहिलेली आहे आणि ती टाळू नका. त्याबद्दल पुढं लिहिते, आधी टप्प्याचं समजून घ्या, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख स्त्रीबीजं असतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, पहिली पाळी येईपर्यंत तीन-चार लाख. पुढच्या सगळ्या वर्षांत मिळून जेमतेम ४०० ते ५०० बीजं पक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरत जातात, गरोदरपणातही आणि गोळ्या चालू असतानाही. साठा कमी झाला की अंडाशय मेंदूच्या हुकमाला पूर्वीसारखा ओ देत नाही, मग मेंदूखालची पियुषिका ग्रंथी आवाज चढवून हाक मारते. ती हाक म्हणजेच एफएसएच.

तुमच्या पाळीचं गणित याच्यातच आहे. हाक मोठी असली की एखाद्या महिन्यात बीज लवकर तयार होतं आणि पाळी २२ दिवसांनीच येते. एखाद्या महिन्यात बीज फुटतच नाही. बीज फुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, आणि त्याच्याशिवाय इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन एकटंच पिशवीचं अस्तर वाढवत बसतं. पाळी लांबते, आणि साचलेलं अस्तर सुटायला लागलं की आठ-नऊ दिवस थांबत नाही. उशिरा आलेली पाळी जोरात येते, हा अनुभव कित्येक जणी सांगतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

हे बदल साधारण एका क्रमानं होतात. तो क्रम नीट मांडायला २००१ साली अमेरिकेत युटा राज्यात तज्ज्ञांची एक कार्यशाळा झाली, आणि २०११ साली त्यात सुधारणा केली गेली. ‘स्ट्रॉ’ या नावानं ती पद्धत आज जगभर वापरतात. त्यात शेवटची पाळी म्हणजे शून्य. त्याच्या आधीचे टप्पे उणे, नंतरचे अधिक. उणे ५ ते उणे ३ म्हणजे पाळी येऊ लागल्यापासूनचा प्रजननक्षम काळ. त्यातल्या उणे ३ च्या उत्तरार्धात पाळी नियमित असते, पण दोन-तीन दिवस अलीकडं येते किंवा जाण्याचं प्रमाण बदलतं, बाईच्या लक्षातही येत नाही. गर्भ राहणं मात्र इथूनच अवघड होत जातं. उणे २ म्हणजे रजोनिवृत्तीकडच्या प्रवासाची सुरुवात: लागोपाठच्या दोन पाळीचक्रांत सात किंवा जास्त दिवसांचा फरक पडतो, आणि असा फरक पुढच्या दहा पाळ्यांच्या आत पुन्हा दिसतो. उणे १ मध्ये पाळी ६० दिवस किंवा जास्त लांबते. हा टप्पा साधारण एक ते तीन वर्षांचा. मग शेवटची पाळी येते. ती शेवटची होती हे कळायला मात्र पुढचे पूर्ण बारा महिने कोरडे जावे लागतात. त्यानंतर अधिक १, पाच ते आठ वर्षांचा, आणि मग अधिक २, आयुष्यभराचा.

यात लक्षात घ्या, टप्पा ठरवायचं मुख्य माप पाळीच्या तारखा हेच आहे. रक्ताचा रिपोर्ट आधाराला असतो. म्हणून माझ्याकडं कुणी या तक्रारी घेऊन आलं की मी पहिल्यांदा तारखा विचारते. ‘शेवटची पाळी कधी?’ म्हटलं की ‘छाटणीच्या आधी’, ‘एकादशीच्या आसपास’, ‘यात्रेला गेले तेव्हा’ अशी उत्तरं येतात. एवढ्यावर टप्पा ठरत नाही. एक बाई भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं काढून पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, भिशीचा हप्ता, आणि त्या गर्दीत लाल पेनानं केलेले गोल. एका गोलापासून दुसऱ्यापर्यंत मोजलं तर २७, ३१, २४, ३६, २६ दिवस. सत्तावीस आणि एकतीसमध्ये चारच दिवसांचा फरक, तो चालतो. एकतीस आणि चोवीसमध्ये सात. चोवीस आणि छत्तीसमध्ये बारा. छत्तीस आणि सव्वीसमध्ये दहा. म्हणजे सात दिवसांची मर्यादा तीनदा गाठली. त्या उणे २ मध्ये होत्या, आणि हे त्या पानांवरूनच कळलं. तुम्हीही असंच करा. पाळी सुरू झाल्याच्या दिवसावर गोल आणि किती दिवस गेलं त्याचा आकडा शेजारी, एवढं पुरे.

आता गौरीच्या गोळ्यांचं. गौरी-गणपती, नवरात्र, वारी, घरातलं लग्न, या सगळ्याला आपल्याकडं पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कित्येकदा मेडिकलमधून थेट. गोळी बंद केल्यावर जे जातं ते औषध थांबल्यामुळं आलेलं असतं, तुमच्या अंडाशयानं स्वतःहून आणलेली पाळी ती नसते. शिवाय त्या महिन्यातलं बीज तयार होणंही त्या गोळ्यांनी अडू शकतं, त्यामुळं पुढचं चक्र लांबतं. म्हणून गौरीनंतरची तुमची दोन महिन्यांची खंड मी हिशेबात धरणार नाही. ती सोडून उरलेल्या तारखा बघितल्या, २२ आणि ४० चा खेळ, तर तुम्ही उणे २ मध्ये आहात. गोळ्या न घेता पुन्हा ६० दिवसांचा खाडा पडला तर उणे १ धरू. चाळिशीनंतर या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढं मात्र आग्रहानं सांगते. पायात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल किंवा कारण न कळता रक्तस्राव होत असेल तर त्या देऊच नयेत. आणि पाळी चुकली की वय झालं म्हणून गृहीत धरू नका. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं नसेल तर आधी लघवीची गर्भचाचणी करा. चव्वेचाळिसाव्या वर्षी दिवस राहिलेल्या बायका मी पाहते, आणि त्यांना ते कळतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर नंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावं, असा नियम आहे.

एफएसएच ९ आला म्हणून काही नाही, हे चूक. तुमच्या टप्प्यात तो आकडा एका महिन्यात ९ असेल, दुसऱ्या महिन्यात ३५ असेल आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा खाली येईल. उणे १ मध्ये तो सहसा २५ च्या वर जातो, तरी तिथंही चढउतार असतातच. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला लक्षणं आणि तारखा जुळत असतील तर हा रिपोर्ट लागतही नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर मात्र तो हवाच, कारण ती अकाली रजोनिवृत्ती आणि तिचे उपचार वेगळे. एएमएच नावाची महागडी तपासणीही बऱ्याच जणी करून येतात. बीजांचा साठा कमी आहे की जास्त याचा अंदाज तिच्यातून येतो, पण पाळी अमुक साली जाईल असं सांगायला ती पुरत नाही.

त्यामुळं ‘कधी जाणार’ याचं खरं उत्तर असं. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या आसपास आहे. बदल सुरू झाल्यापासून पाळी पूर्ण थांबेपर्यंत सर्वसाधारण चार वर्षं जातात. कुणाला दोन लागतात, कुणाला सात-आठ. आईची पाळी कितव्या वर्षी गेली हे विचारून घ्या, त्याचा थोडाफार अंदाज मिळतो. तुमच्या बाबतीत आणखी दोन-चार वर्षं धरून चला.

आता पिशवी. रिपोर्टमधल्या तीन गोष्टींनी तुम्हाला घाबरवलंय, त्या एकेक करून बघू. अस्तर ११ मिलिमीटर: पाळी चालू असलेल्या बाईचं अस्तर महिन्याच्या उत्तरार्धात १० ते १४ मिलिमीटर असणं नेहमीचंच आहे. चार मिलिमीटरच्या वर अस्तर म्हणजे तपास करा, हा नियम पाळी जाऊन वर्ष उलटलेल्या आणि तरीही अंगावरून गेलेल्या बाईसाठी आहे. तो तुम्हाला लावला तर निम्म्या गावाची पिशवी काढावी लागेल. सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली तेही पाहावं लागतं. दोन सेंटिमीटरची गाठ: चाळिशीतल्या कितीतरी बायकांत अशी गाठ असते. ती कॅन्सरची नसते, आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की बहुधा आकसते. ती आतल्या पोकळीत घुसलेली असेल तरच एवढ्याशा गाठीनं रक्तस्राव वाढतो, ते सोनोग्राफीत स्पष्ट विचारून घ्या. पिशवीच्या तोंडाची सूज: ती औषधानं बरी होते किंवा तिला काही करावंच लागत नाही. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर त्यासाठी पॅप किंवा एचपीव्ही तपासणी आहे. ती न करता सुजेच्या नावाखाली पिशवी काढणं मला कधीच पटलेलं नाही.

हे मी एवढं ठासून लिहिते त्याला कारण आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा विषय विधिमंडळात आला. तीन वर्षांत तिथल्या खासगी रुग्णालयांत साडेचार हजारांवर पिशव्या काढल्याचं समोर आलं, शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्याच भागातल्या टोळ्या हंगामात आपल्या वाळवा, पलूस, कराडच्या फडांत येतात. पांढरं जातं, कंबर दुखते, पाळीत कामाचा खाडा पडतो, एवढ्या कारणांवर तिशीतल्या बायकांच्या पिशव्या गेल्या. ‘मुलंबाळं झाली, आता पिशवी काय कामाची’ हे वाक्य दवाखान्यातही ऐकू येतं आणि घरातही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला, तेही याच प्रकारच्या तक्रारींवर.

पिशवी काढण्याची खरी कारणं आहेत. कॅन्सर किंवा त्याच्या आधीची अवस्था, मोठ्या गाठी, अंग बाहेर येणं, औषधांना दाद न देणारा आणि हिमोग्लोबिन खाली आणणारा रक्तस्राव. अशा वेळी ऑपरेशन जरूर करावं, भिऊन वर्षानुवर्षं रक्त घालवत बसू नये. तुम्ही अजून त्या जागी पोचलेला नाही.

तुमच्यासाठी पुढचं असं. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडची टीएसएच तपासणी. चाळिशी उलटल्यावर असा अनियमित, जास्त रक्तस्राव झाला तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासावा. बरेचदा भूल न देताही, पाच-दहा मिनिटांत होतं. सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत या तपासण्यांची सोय आहे. रिपोर्ट चांगला आला तर रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनचा ठरावीक कोर्स, किंवा हार्मोनची तांबी, यांतून निवड करता येते. ही तांबी साध्या तांब्याच्या तांबीपेक्षा वेगळी. ती पिशवीच्या आत थोडं थोडं हार्मोन सोडते, रक्तस्राव खूपच कमी करते आणि पाच वर्षं सहज चालते, म्हणजे तुमचा सगळा उरलेला काळ निभावून नेते. सुरुवातीचे तीन-चार महिने थेंब थेंब जातं, त्याला कंटाळून ती लगेच काढायला लावू नका. एका तासात पॅड भिजत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल तर मात्र वाट न बघता दवाखान्यात या.

रात्रीच्या घामाबद्दल. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा आहे, इस्ट्रोजेन हेलकावे खायला लागलं की ती अगदी थोड्या फरकालाही उसळते. अंग एकदम तापतं, घाम फुटतो, मिनिटांत थंडी वाजते. उणे १ पासून आणि पाळी गेल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत हे सगळ्यात जास्त असतं, पण तुमच्या टप्प्यातही दिसतं. वाफा दोन-चार महिन्यांत जातात असं समजू नका, कित्येक जणींना सात-सात वर्षं त्रास होतो. मात्र घामाबरोबर वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, खोकला असेल तर वयाच्या नावावर टाकू नका. टीबी आणि थायरॉईड आधी तपासा. भर उन्हात बागेत काम करणाऱ्या बाईला या वाफा फार जड जातात. फवारणी, डिपिंग, विरळणी, सगळीकडं दिवसभर हात वर करून उभं राहायचं, त्यात रात्रीची झोप नाही. घरच्यांना हे सांगा. चिडचिडीला स्वभाव म्हणून सोडून देतात, तिच्या मागं तीन-चार महिन्यांची मोडलेली झोप असते. सतत उदास वाटत असेल, रडू येत असेल तर तेही बोला, त्याला औषध आहे.

या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, ही भीती २००२ पासूनची. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा एक भाग त्या वर्षी मध्येच थांबवला गेला आणि बातमी जगभर गेली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पुढं वयानुसार आकडे तपासले तेव्हा साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसताना, त्रास जास्त असलेल्या निरोगी बाईला फायदा धोक्यापेक्षा मोठा असल्याचं दिसलं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या, लकवा, हृदयविकाराचा झटका, यकृताचा आजार असेल, किंवा रक्तस्रावाचं कारण कळलेलं नसेल तर हार्मोन द्यायचे नाहीत. अशांसाठी हार्मोनशिवायची औषधं आहेत. तुमचं रक्तस्रावाचं कारण आधी कळू दे, मग ठरवू.

हाडांचं आत्ताच मनावर घ्या. शेवटच्या पाळीच्या साधारण एक वर्ष आधीपासून नंतरच्या दोन वर्षांपर्यंत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, कोलेस्टेरॉलही याच सुमारास वाढतं. पाळी गेल्यावर दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या आसपास. डेअरीला सगळं दूध घालून घरात फक्त चहापुरतं ठेवलं जातं, ते थांबवा. मिश्री लावत असाल तर सोडा.

राहिल्या जाऊबाई. पाळीच नाही म्हणून तारखांवरून त्यांचा टप्पा ठरत नाही, तिथं एफएसएच खरोखर उपयोगी पडतो, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करावा. पण त्याच्याही आधी एक कागद शोधा: ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर दोन्ही अंडाशय ठेवली की काढली हे लिहिलेलं असतं. ठेवली असतील तरी पिशवी काढलेल्या बाईची अंडाशयं सरासरीनं काही वर्षं आधी थकतात. काढली असतील तर त्यांची रजोनिवृत्ती ३६व्या वर्षी, ऑपरेशनच्या दिवशीच झाली, आणि सहा वर्षं त्यांची हाडं आणि हृदय इस्ट्रोजेनशिवाय चाललंय. अशा बाईला, वर लिहिलेल्यांपैकी काही अडचण नसेल तर, साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यावेत, आणि पिशवी नसल्यानं एकटं इस्ट्रोजेन पुरतं. हाडांची डेक्सा तपासणी आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल लगेच करून घ्या. कार्ड सापडलं नाही तर जिथं ऑपरेशन झालं तिथून नोंदीची प्रत मागा, आणि काढलेल्या भागाचा तपासणीचा रिपोर्टही मागा. तेही मिळालं नाही तर सोनोग्राफीत अंडाशयं आहेत का ते बघून घेऊ. पुढच्या वेळी येताना त्यांना सोबत घेऊन या.